सर्व्हिस डिझाइनवर परिषदेत बोलायचं असेल तर: विषयापासून प्रश्नोत्तरांपर्यंतची तयारी

यंत्र बनवणारा वक्ता यंत्राचा फोटो दाखवतो, ॲप बनवणारा ॲप उघडून दाखवतो. सेवांची आखणी करणाऱ्याचं, म्हणजे सर्व्हिस डिझायनरचं, तसं होत नाही. रुग्णाने रिपोर्ट घेतला, विद्यार्थ्याने पास काढला, करदात्याने पावती खिशात टाकली, की सेवा संपली. पडद्यावर दाखवायला वस्तू उरत नाही. म्हणून या विषयावरची बरीच भाषणं व्याख्या, वर्तुळं आणि बाण यांतच संपतात, आणि चहाच्या वेळी श्रोते एकमेकांना विचारतात, "पण त्यांनी नेमकं केलं काय?"

ठाणे किंवा नवी मुंबईत अशी परिषद भरते तेव्हा समोर ऐरोली, घणसोली, महापे इथल्या आयटी कंपन्यांतले डिझायनर असतात. त्यांच्याबरोबर रुग्णालयांचे व्यवस्थापक, बँकांचे ऑपरेशन्सवाले आणि महापालिकेचे अधिकारीही बसलेले असतात. यांतल्या अनेकांनी 'सर्व्हिस ब्लूप्रिंट' (सेवेतली ग्राहकाला दिसणारी आणि न दिसणारी कामं टप्प्याटप्प्याने मांडणारा आराखडा) हे नाव ऐकलेलं नसतं, पण खिडकीवरची रांग कशी वाढते हे त्यांना वक्त्याहून जास्त ठाऊक असतं. भाषण त्यांना धरून लिहावं. ग्राहकाला दिसणारी एक अडचण आणि तिचं न दिसणारं कारण, ही दोन टोकं त्यांच्या डोळ्यांदेखत जोडता आली तर भाषण जमलं. बाकी सगळी तयारी त्यासाठीच आहे.

विषय एका वाक्यात बसवा

"नागरिककेंद्री सेवांचं भवितव्य" हा विषय वीस मिनिटांत कोणालाच पेलत नाही. कोणाला, कुठे, काय अडतं आणि कशामुळे, हे एका वाक्यात लिहून पाहा. ते जमत नसेल तर विषय अजून मोठा आहे किंवा कारण अजून सापडलेलं नाही.

एक रचलेलं उदाहरण घेऊ आणि पुढे तेच चालवू. समजा, पालिकेच्या एका दवाखान्यात केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते, डॉक्टर नऊला बसतात, रक्त घेण्याची खोली साडेबारापर्यंत चालू असते. भिंतीवर पाटी आहे: "रिपोर्ट दुपारी ४ नंतर." पण नमुने मध्यवर्ती प्रयोगशाळेत नेणारी गाडी अकरालाच निघते. ज्यांचं रक्त अकरानंतर घेतलं त्यांचा नमुना दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जातो. ते चारला येतात, रिकाम्या हाताने परततात आणि खिडकीवरच्या क्लार्कला बोल लावतात. विषयाचं वाक्य असं होईल: "अकरानंतर रक्त दिलेल्या रुग्णाला चारला रिपोर्ट मिळत नाही, कारण नमुन्यांची गाडी आधीच गेलेली असते आणि पाटीला ते माहीत नसतं."

एवढ्या लहान गोष्टीवर पंधरा मिनिटं निघतील का, ही धास्ती सगळ्यांनाच वाटते. अमेरिकेतल्या एका बँकेच्या अधिकारी लिन शोस्टॅक यांनी १९८४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात सेवेचा ब्लूप्रिंट समजावून सांगितला तो रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या बूटपॉलिशवर. त्यात पायऱ्या चारच होत्या: ब्रश, पॉलिश, चकाकी, पैसे. प्रमाण वेळ २ मिनिटं, ग्राहकाला चालेल अशी वेळ ५ मिनिटं. चुकीच्या रंगाचं पॉलिश लागण्याची शक्यता आणि ग्राहकाला न दिसणारी सामानाची खरेदी हे दोन्ही त्याच आराखड्यात बसलं. लहान सेवा घेतली की तपशिलाला जागा मिळते.

आपल्याकडे विषयांची वाण नाही. बसचा विद्यार्थी पास, मालमत्ता कराच्या बिलावरची नावबदल, वाशीच्या एपीएमसीत पहाटे माल उतरवायला थांबलेल्या गाड्या, गृहनिर्माण सोसायटीतलं शेअर सर्टिफिकेटचं हस्तांतर, यांतली कोणतीही एक पुरते. सरकारी सेवा निवडली तर आणखी एक सोय आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली असते. ती मुदत आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारी ठेवले की तुलनेचं माप आयतं मिळतं.

प्रस्ताव

आयोजक बहुधा शीर्षक, दीडशे ते अडीचशे शब्दांचा सारांश आणि "श्रोत्यांना काय मिळेल" एवढंच मागतात. सारांशाचं पहिलं वाक्य म्हणजे वरचं विषयवाक्य. त्यानंतर काय बदललं, काय मोजलं आणि काय जमलं नाही, एवढं लिहावं. न जमलेली गोष्ट प्रस्तावातच सांगितली की निवड करणाऱ्यांना काम प्रत्यक्ष झाल्याची खात्री पटते. "श्रोत्यांना काय मिळेल" इथे "प्रेरणा" लिहू नका. "आपल्या सेवेतली कट-ऑफ वेळ, म्हणजे जिच्यानंतर आलेलं काम दुसऱ्या दिवसावर जातं ती वेळ, शोधण्याची पद्धत" असं हातात घेता येईल ते लिहा.

परवानग्या आधी, स्लाइड नंतर

इथे घाई केली की महिनाभराची मेहनत आदल्या दिवशी बाद होते. परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: संस्थेचं नाव घेता येईल का, जागेचे फोटो दाखवता येतील का, आकडे सांगता येतील का, आणि भाषणाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर गेलं तर चालेल का. पहिल्या तिन्हींना होकार देणारी संस्था चौथ्याला अनेकदा नकार देते. सरकारी कार्यालयात ही फाइल दोन-तीन टेबलांवरून जाते, म्हणून निदान सहा आठवडे हाताशी ठेवा.

फोटोंत रुग्णांचे चेहरे, केसपेपरवरची नावं, रजिस्टरमधले मोबाइल नंबर, गाड्यांच्या नंबरप्लेट येतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी हा साध्या सभ्यतेचा प्रश्न आहे. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, आणि नावावर ठेवलेली काळी पट्टी कोणीही उचलून बाजूला करू शकतो. म्हणून चेहरे आणि नावं फोटोच्या मूळ फाइलमध्येच पुसून टाका, नवी प्रत तयार करा आणि तीच स्लाइडवर घाला.

खिडकीवरच्या माणसाची परवानगी कागदावर कोणी मागत नाही, पण ती घ्याच. ज्या क्लार्कचं काम तुम्ही दाखवणार आहात त्याला स्लाइड आधी दाखवा. तो हमखास एखादी चूक काढतो: "गाडी अकराला नाही, सोमवारी पावणेअकरालाच जाते." भाषणात दोष त्याच्यावर जाणार नाही याचीही काळजी घ्या. त्याच्या हातात गाडी नव्हती, पाटी बदलण्याचा अधिकारही नव्हता, हे स्पष्ट शब्दांत सांगा. सभागृहात त्याच्यासारखंच काम करणारे बसलेले असतात.

ब्लूप्रिंट पडद्यावर आणताना

सगळ्यात जास्त भाषणं इथे कोसळतात. कार्यशाळेत भिंतभर चिकटवलेला ब्लूप्रिंट तसाच एका स्लाइडवर टाकला जातो: पाच ओळी, तीस रकाने, दीडशे चौकोन. तिसऱ्या रांगेपलीकडे अक्षर वाचता येत नाही, आणि जे वाचता येतं ते वाचण्यात श्रोता गुंततो, तुमचं ऐकत नाही.

तीस रकान्यांतले फक्त चार किंवा पाच घ्या, म्हणजे जिथे अडतं त्याच्या आधीचे दोन, अडण्याची जागा आणि नंतरचे एक-दोन. आपल्या उदाहरणात ते असे: डॉक्टर तपासणी लिहून देतात, रक्त घेतलं जातं, नमुना गाडीची वाट पाहतो, रुग्ण चारला परत येतो. ओळी पाचही ठेवा, कारण त्यांच्यातच मुद्दा आहे: समोर दिसणाऱ्या वस्तू, रुग्णाची कृती, समोरच्या कर्मचाऱ्याची कृती, पडद्यामागचं काम, आणि त्याला आधार देणाऱ्या व्यवस्था. समोरच्या आणि मागच्या कामामधली दृश्यरेषा जाड काढा, निदान तीन पॉइंटची. बारीक रेषा एलईडी वॉलवर लुकलुकतात आणि कॅमेऱ्यात तुटक दिसतात.

हे सगळं एकदम उघडू नका. पहिल्या स्लाइडवर फक्त रुग्णाची ओळ. श्रोत्यांना ती वाचू द्या, पाच सेकंद गप्प राहा. दुसऱ्या स्लाइडवर पाटी आणि केसपेपर. तिसऱ्यावर क्लार्क. इथवर चूक क्लार्कचीच वाटते, तशी वाटू द्या. चौथ्या स्लाइडवर दृश्यरेषेखालची अकराची गाडी आणा. या क्षणी सभागृहात माना हलतात, कारण प्रत्येकाला आपल्या कार्यालयातली अशी एखादी गाडी आठवते. तिथे थांबा, लगेच पुढे जाऊ नका.

हा क्रम ॲनिमेशनने न करता वेगवेगळ्या स्लाइडनेच करा. फाइल ऐनवेळी पीडीएफमधून दाखवावी लागली तर ॲनिमेशन नाहीसं होतं, वेगळ्या स्लाइड मात्र तशाच चालतात. अडचणीची जागा केवळ लाल रंगाने दाखवू नका. काहींना लाल-हिरवा फरक दिसत नाही, आणि जुन्या प्रोजेक्टरवर दोन्ही रंग सारखेच वाटू शकतात. जाड चौकट किंवा तुटक रेषा वापरा.

आकडे

"सरासरी प्रतीक्षा ३५ मिनिटं" हा आकडा जवळजवळ नेहमीच फसवा असतो. प्रतीक्षेच्या वेळा एका बाजूला झुकलेल्या असतात. बरेच जण लवकर सुटतात आणि थोडे तासन्‌तास अडकतात. त्या थोड्यांमुळे सरासरी वर जाते आणि ती कोणाच्याच अनुभवाशी जुळत नाही. दोन आकडे सांगा: निम्म्या लोकांचं काम किती वेळात झालं, आणि दहापैकी नऊ जणांचं किती वेळात. दुसरा आकडा कमी झाला असेल तरच सेवा सुधारली असं म्हणावं.

तुलना सारख्याशी करा. सोमवारची ओपीडी गुरुवारच्या ओपीडीसारखी नसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी रांगा लांबतात. सुधारणेआधीचं माप जुलैत आणि नंतरचं माप नोव्हेंबरमध्ये घेतलं असेल, तर रांग पावसाने कमी केली की तुम्ही, हे सांगता येत नाही. श्रोत्यांतला एखादा डॉक्टर हे हमखास विचारतो. किती दिवस मोजलं, कोणत्या वेळात, आणि कोणी उभं राहून मोजलं, हे स्लाइडच्या तळाशी लिहून ठेवा.

आपलेच आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहायला एक सोपं गणित आहे. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे मिनिटाला येणारी माणसं गुणिले सरासरी प्रतीक्षा. रांगेत सरासरी ४० जण असतील आणि मिनिटाला २ जण येऊन तितकेच सुटत असतील, तर प्रतीक्षा २० मिनिटांच्या आसपासच हवी. तुमच्या स्लाइडवर ४५ मिनिटं लिहिली असतील तर कुठेतरी मोजणी चुकली आहे. खिडकी उघडण्याआधीच रांग लागत असेल तर तो वेळ वेगळा मोजा, नाहीतर दोन भिन्न गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात.

देवनागरी स्लाइड

भाषण मराठीत असो वा मिश्र, स्लाइडवर मराठी हवंच, निदान रुग्णाच्या आणि क्लार्कच्या तोंडचे शब्द तरी. "रिपोर्ट नाय आला अजून" हे वाक्य इंग्रजीत नेलं की त्यातला माणूस निघून जातो.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे रोमनपेक्षा जास्त उभी जागा लागते. अक्षर ३२ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि ओळींतलं अंतर १.२ ते १.३ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट दुरून स्वच्छ दिसतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी आहे, पण तो शीर्षकापुरताच वापरा. त्याच्या बारीक रेषा पडद्यावर पुसट होतात.

मोठा धोका जुन्या फॉन्टचा आहे. कार्यालयाकडून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात. शेवटी फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा आणि सोबत पीडीएफ ठेवा. पेन ड्राइव्हवर एक प्रत, मेलवर एक.

वेळ

वीस मिनिटांच्या सत्रात बोलायला पंधरा मिनिटं मिळतात, बाकी प्रश्नांना. समजेल असं मराठी बोलायला मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द धरा. संहिता पंधराशे शब्दांवर थांबवली की गप्प राहायलाही जागा उरते. दोन मिनिटं रुग्णाचा दिवस, तीन मिनिटं समोरचं काम, पाच मिनिटं पडद्यामागचं, तीन मिनिटं बदल आणि आकडे, दोन मिनिटं न जमलेलं. सर्व्हिस डिझाइनची व्याख्या सुरुवातीला नको. गाडी पडद्यावर आल्यानंतर एका वाक्यात सांगितली की ती कायमची समजते.

आपल्याकडे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार यांत सकाळची अर्धा-पाऊण तास वेळ जाते, आणि ती कापली जाते पहिल्या दोन वक्त्यांची. म्हणून दहा मिनिटांची आवृत्ती तयारच ठेवा. कोणत्या स्लाइड गाळायच्या ते आधी ठरवा. आकड्यांची एक स्लाइड गाळली तरी चालते, ब्लूप्रिंटच्या चारही स्लाइड मात्र हव्यातच.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करा. निदान एकदा या क्षेत्राबाहेरच्या माणसासमोर करा आणि नंतर त्याला विचारा, "चारला रिपोर्ट का मिळत नव्हता?" उत्तर देता आलं नाही तर ब्लूप्रिंटचा भाग पुन्हा लिहा.

हॉलवर

आयोजकांना आठवडाभर आधी विचारायचं ते एवढंच: प्रोजेक्टर आहे की एलईडी वॉल, लॅपटॉप व्यासपीठावर असेल की मागच्या कंट्रोल टेबलावर, आणि माइक कोणता. एलईडी वॉल असेल तर पांढरी पार्श्वभूमी डोळ्यांवर येते, हलकी राखाडी किंवा गडद घ्या. प्रोजेक्टरवर उलटं, फिके रंग उडून जातात. लॅपटॉप मागे असेल तर तुमच्या नोट्स तुम्हाला दिसत नाहीत आणि क्लिकरचा सिग्नलही अनेकदा तिथवर पोचत नाही. अशा वेळी स्लाइड बदलणाऱ्या ऑपरेटरला छापील कागद द्या, ज्यावर कोणत्या वाक्यानंतर कोणती स्लाइड हे लिहिलेलं असेल.

कॉलर माइक असेल तर गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा. ते माइकवर आपटून टकटक ऐकू येते. मंगळसूत्र आणि ओढणीचंही तेच. ट्रान्समीटर अडकवायला खिसा किंवा कमरेला पट्टा लागतो, साडी किंवा कुर्ता असेल तर ध्वनिव्यवस्थेवाल्याला आधी सांगा. हातातला माइक हनुवटीखाली मूठभर अंतरावर धरा आणि पडद्याकडे वळताना तोही सोबत वळवा.

वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कार्यक्रम असेल आणि ठाण्याहून लोकलने येणार असाल, तर ट्रान्स-हार्बरची वाशी गाडीच पकडा. पनवेलची गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते, वाशीला जात नाही. रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. घोडबंदर रोडवरच्या सभागृहाला रस्त्याने जायचं असेल तर तासभर जास्त धरा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न बहुधा ठरलेले असतात. "आमच्याकडे माणसंच कमी आहेत" याला उत्तर म्हणून बदलाला किती अतिरिक्त काम लागलं ते सांगा. आपल्या उदाहरणात दुसरी गाडी परवडली नाही. अकराआधी "आज ४ वाजता" आणि नंतर "उद्या ४ वाजता" असे दोन शिक्के आले आणि पाटी काढली. शिक्का निवडायला क्लार्कला घड्याळाकडे एकदा बघावं लागतं. "हे किती दिवस टिकलं?" या प्रश्नासाठी सहा महिन्यांनंतरचं माप हाताशी ठेवा. ते घेतलं नसेल तर "अजून मोजलेलं नाही" असं सरळ सांगा. "ॲप का नाही केलं?" हा प्रश्न येतोच. गाडीची वेळ कोणीही कुठे नोंदवत नव्हतं, त्यामुळे ॲपनेही चार वाजताच बोलावलं असतं, हे उत्तर पुरतं. खर्च, कालक्रम आणि कर्मचाऱ्यांचं म्हणणं अशा तीन जादा स्लाइड शेवटी लपवून ठेवा, फक्त विचारलं तरच उघडा.

भाषण संपल्यावर स्लाइड मागितल्या जातात. मूळ फाइल देऊ नका. तिच्यात लपवलेल्या स्लाइड आणि नोट्स दोन्ही जातात. लपवलेल्या स्लाइड काढून, संस्थेने मान्य केलेले फोटो आणि आकडे तेवढेच ठेवून पीडीएफ करा आणि तीच पाठवा.